हद्दीच्या अल्याड-पल्याड: सोलापूरच्या कडेला जागा घेण्याआधी

सोलापुरातून बाहेर पडणारा कुठलाही रस्ता धरा. पुणे रोडला बाळे-केगाव ओलांडून कोंडी-पाकणी, हैदराबाद रोडला मुळेगाव आणि पुढं बोरामणी, तुळजापूर रोडला हिप्परगा, उळे, अक्कलकोट रोडला कुंभारी, विजापूर रोडला सोरेगाव, हत्तूर, होटगी रोडला कुमठे आणि होटगी. सगळीकडं देखावा एकच. ज्वारी-तुरीच्या रानात चुन्यानं आखलेले चौकोन, मधून मुरमाचा रस्ता, तोंडाशी कुठल्या तरी देवाच्या किंवा महापुरुषाच्या नावाची कमान आणि कमानीवर ‘एनए प्लॉट, सुलभ हप्ते’. कमानीखाली उभा असलेला माणूस सांगतो, “घेऊन टाका की ओ काका, पुढच्या वर्षी हाच रेट राहतोय व्हय?”

राहील का, हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही. तो आपणच सोडवायचा. त्यासाठी आधी एक गोष्ट स्वतःशी नक्की करावी लागते, ती म्हणजे जागा राहायला घेतोय की विकायला. सोलापूरच्या कडेला हे दोन अगदी वेगळे व्यवहार आहेत. एकाला चांगली असलेली जागा दुसऱ्याला वाईट असू शकते. ‘दोन्ही होईल’ म्हणत घेतलेल्या जागेचं पुष्कळदा दोन्हीतलं काहीच होत नाही.

गाव वाढतंय, पण माणसं किती?

जागेचा भाव माणसं येतात म्हणून वाढतो. पुण्याचं उदाहरण घेऊ, कारण सोलापुरातला प्रत्येक प्लॉटवाला वाघोली आणि हिंजवडीचेच दाखले देतो. पुणे महापालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये २५ लाखांच्या थोडी वर होती, २०११ मध्ये ३१ लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत तेवीस टक्के वाढ. याच दहा वर्षांत सोलापूर पावणेनऊ लाखांच्या आसपासवरून ९ लाख ५१ हजारांवर आलं. म्हणजे साधारण नऊ टक्के. एवढी वाढ गावात जन्मणाऱ्या पोरांनीसुद्धा होते. बाहेरून पोट भरायला येणाऱ्यांचा लोंढा सोलापुरात नाही, उलट शिकलेली पोरं हडपसर-वाकडला भाड्यानं राहतात. मुंबईला जाणारी वंदे भारत २०२३ पासून सुरू आहे. तिनं पुणं आणखी जवळ आणलं. आता पोरं शनिवारी घरी येतात आणि रविवारी परत जातात.

मग कडेच्या जागा विकत कोण घेतं? मुख्यतः गावातलीच माणसं. साखर पेठ, भद्रावती पेठ, बाळीवेस या भागांतल्या दाटीत तीन भाऊ एका घरात राहत होते, त्यातला एक बाहेर पडतो. शिक्षक, एसटीतले, रेल्वेतले निवृत्तीच्या पैशातून घेतात. पुण्यात नोकरी करणारा मुलगा आई-वडिलांसाठी किंवा ‘आपलं गावाकडं काहीतरी असावं’ म्हणून घेतो. आणि बरेच जण ते चौकोन दुसऱ्याला जास्त भावानं विकायचे म्हणून घेतात. या शेवटच्यांची संख्या वाढली की भावही वाढतात, पण तो भाव राहणाऱ्यांनी वाढवलेला नसतो. एखाद्या नगरात दोनशे प्लॉट विकले गेले आणि पंधरा वर्षांनी चारच घरं उभी असतील, तर तिथला भाव म्हणजे विकणाऱ्यांनी एकमेकांना सांगितलेला आकडा. खरा गिऱ्हाईक अजून यायचा आहे.

सोलापुरात कडेची वस्ती चालली नाही असं मात्र नाही. विजापूर रोड आणि होटगी रोडच्या मधलं जुळे सोलापूर बघा. एके काळी लोक ‘तिकडं कोण राहायला जाणार’ म्हणायचे, आज आसरा चौकात संध्याकाळी गाडी लावायला जागा नसते. का चाललं? शहराला लागून होतं, दोन मोठ्या रस्त्यांच्या मध्ये होतं आणि लोकांनी तिथं घरं बांधली. शाळा, दवाखाना, भाजीवाला, मेडिकल हे सगळं घरांच्या मागून आलं. कडेच्या कुठल्याही जागेचं भवितव्य जोखायचं तर रात्री आठला तिथं जाऊन दिवे किती घरांत लागलेत ते बघावं. या एका फेरीत कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

१९९२ ची हद्दवाढ काय सांगते

‘महापालिकेत गेलं की सोनं होईल’ हे वाक्य हद्दीबाहेरच्या प्रत्येक प्लॉटबरोबर फुकट मिळतं. सोलापुरात हा प्रयोग होऊन गेलाय. १९६४ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली आणि १९९२ मध्ये हद्द एकदम वाढली. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी अशी आसपासची गावं आत आली. सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर एका दमात १७८ चौरस किलोमीटरचं झालं. क्षेत्र पाचपट, आणि तिजोरी तेवढीच. वर त्याच सुमाराला कापड गिरण्यांचे भोंगे एकेक करत बंद पडत होते.

परिणाम असा की तीस वर्षं उलटून गेल्यावरही हद्दवाढ भागातल्या अनेक नगरांत ड्रेनेज नाही, पाऊस पडला की रस्ता शोधावा लागतो, आणि कराची पावती मात्र वेळेवर येते. शहर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं, तरी हद्दवाढीतल्या माणसाला विचारा, तो आधी गटारीबद्दलच बोलेल. तेव्हा हद्दीत जाणं म्हणजे सोयी मिळणं नव्हे, सोयी मागण्याचा हक्क मिळणं. तो हक्क पदरात पडायला एक पिढी जाऊ शकते. हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीत घरपट्टी कमी असते हे खरं. पण दोनशे घरांच्या पाण्या-कचऱ्याची व्यवस्था करायची म्हटली तर छोट्या ग्रामपंचायतीची झेप केवढी, हेही बघितलं पाहिजे.

पाणी

सोलापुरात राहायला जागा घेताना हा प्रश्न पहिला विचारायचा, आणि उत्तर विकणाऱ्याकडून घ्यायचं नाही. ते शेजारच्या गल्लीतल्या बायकांकडून घ्यायचं.

शहराचं पाणी तीन ठिकाणांहून येतं. शंभर किलोमीटरहून लांबच्या उजनी धरणातून थेट जलवाहिनीनं, भीमा नदीवरच्या टाकळी-औज बंधाऱ्यातून, आणि थोडंसं हिप्परगा तलावातून. उजनी राज्यातलं मोठं धरण, एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी न वापरायचं पाणी. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली, म्हणजे या मृतसाठ्यात खोलवर, गेलं होतं. तरी शहराची खरी अडचण धरणात पाणी असण्या-नसण्यापेक्षा ते आणण्या-वाटण्याची आहे. धरण काठोकाठ भरलेलं असताना सोलापूरकर चार-पाच दिवसांआड नळाची वाट बघतो, त्याचं कारण हेच. उजनीहून येणाऱ्या १७० एमएलडीच्या (दिवसाला १७ कोटी लिटरच्या) समांतर जलवाहिनीची चर्चा प्लॉटच्या जाहिरातींतही शिरलीय. पण जलवाहिनी तुमच्या नगराच्या कडेनं गेली म्हणून तुमच्या नळाला पाणी येत नाही. मध्ये शुद्धीकरण केंद्र लागतं, उंच टाकी लागते, टाकीपासून गल्लीपर्यंत लाइन लागते. पाकणीच्या शुद्धीकरण केंद्राच्या शेजारी राहूनही टँकर मागवावा लागू शकतो.

मग उरतो बोअर. सोलापूरचा पाऊस वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, जमिनीखाली काळा पाषाण. या दगडात पाणी भेगांमधूनच साठतं. त्यामुळं एका प्लॉटला तीनशे फुटांवर लागलं म्हणून शेजारच्याला लागेलच असं नाही. आणि नगर भरत गेलं की प्रत्येक घराचा बोअर शेजाऱ्याच्याच भेगेतून ओढायला लागतो. पहिल्या पाच घरांना पुरलेलं पाणी पन्नासाव्या घराला पुरत नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्या भागातला चालू बोअर बघा, शक्य असेल तर पाणी चाखून बघा. बऱ्याच ठिकाणी ते इतकं जड असतं की गिझरची कॉइल वर्षात पांढरी होते.

पाण्याची दुसरी बाजू सप्टेंबर २०२५ मध्ये दिसली. सीना नदी अशी फुगली की लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला. शहरातही अतिवृष्टीनं ओढ्या-नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. वर्षातले अकरा महिने कोरडा दिसणारा ओढा मुरूम टाकून सपाट केला की त्यावर प्लॉट पाडता येतात, पाऊस मात्र जुनी वाट विसरत नाही. गावचा नकाशा काढून त्यावर ओढा कुठून जातो ते बघावं. नदीजवळ असाल तर पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा विचारावी. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या.

कागद: ‘एनए’ एवढं ऐकून थांबू नका

आता किचकट भाग. इथं थोडं सावकाश जाऊ, कारण सोलापुरात बुडालेले पैसे बहुतेक इथंच बुडालेत.

शेतजमीन ही शेतीसाठीच वापरायची, दुसरा वापर करायचा तर महसूल कायद्याप्रमाणं ती बिगरशेती, म्हणजे एनए, व्हावी लागते. आता विकास आराखड्यात रहिवासी दाखवलेल्या जमिनीला पूर्वीसारखी वेगळी परवानगी घेत फिरावं लागत नाही, कर आणि आकारणी भरून काम होतं. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीलाही कायद्यात अशी सवलत आहे. म्हणून पहिला कागद झोन दाखल्याचा. जमीन आराखड्यात रहिवासी आहे, हरित पट्टा आहे, की तिच्यावर शाळेचं, बागेचं, रस्त्याचं आरक्षण आहे, हे तो सांगतो.

पण एनए झालेली जमीन आणि मंजूर रेखांकनातला प्लॉट या दोन वेगळ्या गोष्टी. रेखांकन म्हणजे लेआउट. रस्ते किती रुंद, मोकळी जागा कुठं, प्लॉट कुठले, याचा मंजूर नकाशा. तो आधी तात्पुरता मंजूर होतो. मग मोजणी होते, मालकानं रस्ते, गटारी वगैरे कामं करायची असतात, आणि नंतर अंतिम मंजुरी मिळते. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयात कमी-जास्त पत्रक, बोलीभाषेत ‘कजाप’, होऊन प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघतो. तुम्हाला हवा तो हा शेवटचा कागद, प्लॉट नंबर आणि चौरस मीटर लिहिलेला. फलकावर ‘एनए’ असतं, हातात तात्पुरत्या लेआउटची झेरॉक्स असते आणि ‘फायनल व्हायलाच आलंय’ असं तोंडी सांगितलं जातं. फायनल झाल्यावर येतो म्हणावं, भाव शंभर रुपयांनी वाढला तरी चालेल.

या सगळ्याला पैसे का पडतात आणि गुंठेवारीची, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठा-गुंठा करून विकलेली, जागा स्वस्त का असते, ते आकड्यात बघू. एकरात ४० गुंठे, गुंठ्यात १०८९ चौरस फूट. समजा रान एकरी ४० लाखांना घेतलं, म्हणजे फुटाला ९२ रुपये पडले. मंजूर लेआउटमध्ये रस्ते सोडावे लागतात, आणि एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठं क्षेत्र असेल तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. विक्रीला समजा ५५ टक्के उरलं, तर तीच जमीन फुटाला १६७ रुपयांवर गेली. अजून रस्ता, गटार, विजेचे खांब, कार्यालयांचे खर्च, दलाली आणि कमान बाकीच आहे. गुंठेवारीवाला यातलं काही करत नाही. दहा फुटांचा बोळ सोडतो आणि बाकी सगळं विकतो. तुम्हाला स्वस्त पडलं ते तुमचाच रस्ता आणि तुमच्याच पोरांचं मैदान विकलं गेलं म्हणून.

ही गुंठेवारी कायद्यात कशी बसते? १९४७ चा तुकडेबंदी कायदा म्हणतो, शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे विकू नका. ऑगस्ट २०२३ पासून सोलापूरसह बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. लोकांनी यातून वाटा काढल्या. पाच अनोळखी माणसांनी मिळून २० गुंठे घ्यायचे आणि सामाईक सातबाऱ्यावर नावं लावायची. किंवा साध्या स्टँपपेपरवर नोटरी करून ‘ताबा’ द्यायचा. पहिल्या वाटेत कागदावर तुमचा हिस्सा असतो, पण तो कुठल्या कोपऱ्यात हे लिहिलेलं नसतं. शिवाय ती शेतजमीनच, तेव्हा घेणारा शेतकरी असावा लागतो. दुसऱ्या वाटेत मालकीच येत नाही. नोटरीनं सही कुणाची एवढंच बघितलेलं असतं.

सरकारनं वेळोवेळी यातल्यांना आत घेतलंय. २००१ चा गुंठेवारी कायदा १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वस्त्यांसाठी होता, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ती तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशानं तुकडेबंदीत आणखी मोठी सूट दिली. महापालिका, नगरपालिका, प्राधिकरणं यांच्या हद्दीतले आणि आराखड्यात बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनींतले १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार शुल्क न घेता नियमित करायची वाट मोकळी झाली. ज्यांच्या जागा अडकल्या होत्या त्यांना हा मोठा दिलासा आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. पण आज नवी जागा घेणाऱ्याला विकणारा हेच दाखवून म्हणतो, ‘आता सगळं नियमित झालंय.’ तुकडा नियमित होणं, त्यावर बांधकाम परवाना मिळणं आणि त्यापुढं नळाला पाणी येणं या तीन खिडक्या आहेत. अध्यादेश पहिल्या खिडकीचा आहे.

सातबारा वाचायचा तर दोन ठिकाणी थांबून वाचा. भोगवटादाराचा वर्ग, आणि ‘इतर हक्क’. वर्ग १ म्हणजे मालकाला विकायला साधारणतः मोकळीक. वर्ग २ म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विक्री नाही. जुनी वतनं, इनामं, सरकारनं वाटलेल्या जमिनी यात येतात. देवस्थानच्या इनाम जमिनीपासून तर चार हात लांबच राहावं. इतर हक्कांत कुळकायद्याच्या कलम ४३ चं बंधन दिसलं, तर कुळाला खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झालीत का आणि आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट रक्कम सरकारजमा केलीय का, ते विचारा. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, बहिणींचे हक्क, कोर्टातला दावा हेही इथं किंवा फेरफारांत, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींत, सापडतं. बहिणींच्या हक्काकडं विशेष लक्ष द्या. सहीला न आलेली एक बहीण पंधरा वर्षांनी वकिलाची नोटीस पाठवते, आणि तिचं काही चुकलेलं नसतं.

यातलं बरंचसं घरबसल्या होतं. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, ‘आपली चावडी’वर चालू फेरफाराची नोटीस दिसते, नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर जुने दस्त शोधता येतात. तरी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुने व्यवहार तपासून दिलेला अहवाल, आपल्या वकिलाकडून घ्यावा, विकणाऱ्यानं सुचवलेल्या नव्हे. आणखी एक सोपी चाळणी म्हणजे बँक. राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन ‘या गटातल्या प्लॉटला कर्ज देता का’ एवढं विचारा. कर्ज काढायचं नसलं तरी विचारा. ‘या गटाला नाही देत’ असं उत्तर आलं तर सर्च रिपोर्टचेही पैसे वाचले.

पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा प्लॉटिंगचा प्रकल्प विकायचा तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाची, नोंदणी लागते. जाहिरातीवर तो नंबर आणि क्यूआर कोड असायलाच हवा. नोंदणीकृत करार करण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. मात्र महारेराचा नंबर म्हणजे सरकारनं जमीन तपासून दिलीय असं नव्हे. तिथं मालकानं जी कागदपत्रं चढवलीत ती उघडून वाचायची असतात, आणि तेवढं कष्ट फार थोडे लोक घेतात.

ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा, किंवा महापालिकेची कर पावती हा मालकीचा पुरावा नाही. बेकायदा बांधकामालाही कर लागतो.

घोषणांवर घेतलेली जागा

बोरामणी हे सोलापूरकरांनी कायम लक्षात ठेवायचं उदाहरण. तिथं मोठा विमानतळ होणार म्हणून शेकडो हेक्टर जमीन संपादित झाली, आणि आजूबाजूच्या रानांत ‘एअरपोर्टलगत’ प्लॉट पडले. वनजमिनीचा आणि माळढोक पक्ष्याचा प्रश्न निघाला, वर्षं गेली. विमान अखेर उडालं ते होटगी रोडच्या जुन्याच विमानतळावरून. त्याचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं आणि जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली. बोरामणीला एअरपोर्टच्या भावानं घेतलेल्यांचे प्लॉट तिथंच आहेत.

होटगी रोडचीही एक बाजू आहे. विमानतळ चालू झाला की उतरण्या-उडण्याच्या मार्गात उंचीची बंधनं येतात. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी याच कारणानं जून २०२३ मध्ये पाडली गेली, आणि त्यावरून गावात किती रान पेटलं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोन मजली घराला फरक पडणार नाही, पण अपार्टमेंट उठवायच्या हिशेबानं कुणी जागा देत असेल तर उंचीचा दाखला आधी बघा.

महामार्गांचं असंच. सुरत–चेन्नई मार्ग, तुळजापूरकडची रेल्वे, रिंग रोड ही नावं प्रत्येक साइटवर ऐकू येतात. बंदिस्त द्रुतगती मार्गाच्या शेजारी जागा असणं म्हणजे भिंतीच्या शेजारी जागा असणं. चढायचं तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावं लागतं, आणि भाव वाढला तर तिथला वाढतो. आणि विजेच्या मोठ्या तारा वर बघून घ्या. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं वीजग्रिड देशाच्या ग्रिडशी जोडलं गेलं ते रायचूर–सोलापूर या ७६५ केव्हीच्या लाइननं. अभिमानाची गोष्ट आहे, फक्त असल्या तारांच्या पट्ट्यात घर बांधता येत नाही आणि काही लेआउट मोकळी जागा नेमकी तिथंच दाखवतात.

राहायचं असेल तर

कुंभारीकडं एकदा जाऊन या. कामगार संघटनेच्या पुढाकारानं तिथं विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. पुढं त्याच भागात तीस हजार घरांचं रे नगर, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मिळाली. शहराबाहेरची एवढी मोठी वस्ती उभी राहते याचं एक कारण असं की विडी घरात बसून वळता येते, तंबाखू-पान आणणं आणि माल देणं एवढ्यापुरतीच ये-जा. ज्याला रोज सकाळी नवी पेठेत दुकान उघडायचंय त्याचं गणित वेगळं. चौदा किलोमीटर एका बाजूला धरले तर महिन्याला सव्वीस दिवसांचे सातशेच्या वर किलोमीटर होतात. नुसतं पेट्रोलच दीड-पावणेदोन हजारांचं. पोरीचा क्लास, आईचा दवाखाना, रात्री दहानंतर न मिळणारी रिक्षा हे त्यात धरलेलं नाही. सिटी बसच्या भरवशावर सोलापुरात कडेला जागा घेऊ नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

बांधकामाचा एक खर्च लोक विसरतात, तो काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते, त्यासरशी भिंतींना तिरक्या भेगा जातात. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. कुठं तो चार फुटांवर लागतो, कुठं बारा फुटांवर. शेजारच्या बांधकामाचा खड्डा बघितला की अंदाज येतो. माळाची, मुरमाड जागा दिसायला भकास असते, पण पायाचे पैसे वाचवते.

गुंतवायचं असेल तर

समजा १५०० चौरस फूट जागा हजार रुपये फुटानं घेतली. पंधरा लाख, वर मुद्रांक, एक टक्का नोंदणी फी (ही जास्तीत जास्त तीस हजार), वकील, तारेचं कुंपण धरून सोळा लाख. हेच पैसे सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले तर दहा वर्षांत साडेएकतीस लाख होतात. ठेवीच्या व्याजावर दरवर्षी आयकर असतो, तेवढी ठेव मागं पडते हे धरा. तरी दहा वर्षांनी तुमची जागा फुटाला दोन हजारांच्या आसपास विकली गेली पाहिजे, तेव्हा कुठं बरोबरी झाली. आणि ‘भाव आहे’ आणि ‘गिऱ्हाईक आहे’ यांत फरक आहे. त्याच नगरात आज किती जुने मालक विकायला बसलेत आणि किती महिन्यांपासून, हे तिथल्या एजंटला, घेणारा म्हणून नव्हे, विकणारा म्हणून फोन करून विचारा. ‘माझा तिथं प्लॉट आहे, किती मिळतील?’ घेताना सांगितलेला रेट आणि विकताना सांगितलेला रेट यातलं अंतर लगेच कळतं.

घर बांधून भाड्यानं देऊ म्हटलं तरी समजा बांधकामासह छत्तीस लाख घातले आणि नऊ हजार भाडं आलं, तर वर्षाला तीन टक्के. केगावला विद्यापीठाच्या आसपास किंवा चिंचोळी एमआयडीसीच्या वाटेवर खोल्यांना मागणी मिळू शकते, तिथं एका मोठ्या घराऐवजी चार लहान खोल्या जास्त देतात.

कर्ज काढून मोकळी जागा घेणं मला पटत नाही. बहुतेक बँका प्लॉटवर घराच्या तुलनेत कमी टक्के रक्कम देतात आणि दोन-तीन वर्षांत बांधकाम सुरू करायची अट घालतात. बांधलं नाही तर व्याजदर वाढू शकतो. मोकळ्या जागेच्या हप्त्यावर आयकरात सूटही नाही.

घेऊन झाल्यावर सातबाऱ्याला नाव लागेपर्यंत तलाठ्याचा पाठपुरावा करा, सरकारी मोजणी करून दगड रोवा, आणि कुंपण घाला. मोकळ्या जागेवर आधी कुणाचे तरी जळणाचे ढीग येतात, मग म्हैस, मग पत्र्याचं शेड. विकायची वेळ येईल तेव्हा चोवीस महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या जागेच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली असेल तर महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा जुना हिशेबही करता येतो, दोन्हींतला कमी तो भरायचा. आलेल्या पैशातून नियमात बसेल असं राहतं घर घेतलं तर आयकरात सवलत मिळते, पण त्यासाठी खरेदीच्या जुन्या पावत्या, मुद्रांकाचा खर्च, मोजणीची फी हे सगळं जपून ठेवलेलं लागतं. खरेदीखताच्या फाइलमध्येच त्यांचा एक कप्पा पहिल्या दिवसापासून करून ठेवा.